फरकाचा रकाना

भाऊजी, लोक फार शहाणे असतात हो. तुमच्या तेराव्याला आपल्या मराठी मंडळातल्या तिघांनी, तीन वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसून, मला एकच गोष्ट ऐकवली. काय योगायोग बघा, सिनेमात ज्याला मरणच नाही त्याचं काम करत होते आणि... पुढचं मी कुणालाच बोलू दिलं नाही. एकाला पाणी आणायला पाठवलं, एकाला गुडघ्याचं विचारलं, आणि तिसऱ्याला सरळ सांगितलं की हे वाक्य मला ऐकायचं नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, वहिनी, आज तरी माणसांना सोडा. नाही सोडलं. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो त्यांच्यावर नव्हताच, तुमच्यावर होता. अजून आहे.

तसं पाहिलं तर तुम्ही माझे कोण? ह्यांच्याबरोबर बँकेत होतात, बदलीवर कलकत्त्याला आलात आणि बेहाल्यात आमच्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलंत. इथे मराठी माणूस सापडला की आठवड्याभरात तो भाऊजी होतो नाहीतर ती वहिनी. पुढच्या बदल्या नाकारून तुम्ही आणि शैला इथेच राहिलात, आम्हीही राहिलो. हे गेले तेव्हा मी वर्षभर दार लावून बसले होते. शैला डबा पाठवायची, तुम्ही विजेचं बिल भरून पावती दाराखालून सरकवायचात. मग एका सकाळी तुम्ही बेल वाजवलीत ती थांबवलीच नाहीत. मी चिडून दार उघडलं, तर हातात एक जाडजूड रजिस्टर. म्हणालात, अनिरुद्ध सिनेमाचा दुसरा भाग काढतोय, आणि आम्हाला चुका काढणारी बाई पाहिजे. सबंध कलकत्त्यात तुमच्याइतकी खवचट दुसरी कोण आहे?

सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कागदांतल्या त्रुटी काढल्या, तेव्हा बोलणं खोटं नव्हतं. पण तुम्हाला चुका काढणारी बाई नको होती, मला घराबाहेर काढायचं होतं. ते मला त्याच दिवशी कळलं होतं. मला कळलंय हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते आहे, आणि तेव्हा थँक्यू म्हणायचं राहिलं तेही म्हणते.

अनिरुद्धची गोष्ट मला पहिल्यापासून आवडायची. हा आपल्या मंडळातलाच मुलगा, आता चाळिशीचा, न्यू टाउनला कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी बोलतो ते बंगाली वळणानं, आणि मला एकाच वाक्यात तू आणि तुम्ही दोन्ही म्हणतो. नऊ वर्षांपूर्वी त्यानं पहिला भाग काढला. सबनीस नावाचा माणूस, मराठ्यांच्या फौजेबरोबर कारकून म्हणून बंगालात आलेला, आणि तेव्हापासून मेलेलाच नाही. वय पंचेचाळीसच्या पुढे जात नाही. आता सरकारी बँकेत ऑफिसर. दर तीन-चार वर्षांनी बदली होते, सामान बांधून निघायचं, म्हणून त्याचं न बदलणारं तोंड कुणाच्या लक्षात येत नाही. निवृत्तीचं वय झालं की गायब व्हायचं आणि दुसऱ्या नावानं बँकेची परीक्षा पुन्हा द्यायची. दर वेळी परीक्षा द्यावी लागते हीच त्याची खरी शिक्षा, असं तुम्ही म्हणायचात. शेवटी तो बदलीचा हुकूम फाडतो आणि कलकत्त्यातच राहतो. मंडळाच्या हॉलमध्ये पडदा लावून आम्ही तो सिनेमा पाहिला तेव्हा आपल्यातला प्रत्येक बदलीवाला दिवे लागल्यावरही खुर्चीतच बसून राहिला होता.

दुसऱ्या भागात सबनीस राहिलाय, आणि आता गल्लीतल्या लोकांना शंका यायला लागली आहे. म्हणून तो म्हातारं झाल्याचं सोंग करतो. बाहेर जाताना केसांना पांढरं लावतो, काठी घेतो, एस्प्लनेडच्या फुटपाथवर साध्या काचेचा चष्मा विकत घेतो. घरी आला की दार लावून सगळं उतरवतो. म्हणजे तुम्हाला दोन चेहरे हवे होते, एक बाहेरचा म्हातारा आणि एक घरातला पंचेचाळिशीचा. पहिल्या भागाच्या वेळी तुम्ही बावन्नचे होतात, आता एकसष्टचे. बाहेरच्या चेहऱ्याला काहीच करावं लागत नाही, असं म्हणून तुम्ही स्वतःच हसत सुटायचात. घरातल्या चेहऱ्यासाठी अनिरुद्धनं केस काळे करायला सांगितले आणि आठ किलो वजन उतरवायला सांगितलं.

आणि वजन उतरायला लागलं की.

आपलं शूटिंग फक्त रविवारी. बाकीचे दिवस प्रत्येकाला नोकरी, तुम्ही निवृत्त असलात तरी कॅमेरावाला नव्हता. एकच सीन अर्धा जुलैत आणि अर्धा सप्टेंबरात व्हायचा. सबनीस दार उघडतो ते पावसाळ्यात आणि आत पाऊल टाकतो ते दिवाळीनंतर. पडद्यावर मात्र तो एकच क्षण दिसायला हवा. म्हणून माझं काम. दर रविवारी कॅमेरा सुरू व्हायच्या आधी मी तुमचा एक फोटो काढायची, मागच्या फोटोशी ताडून बघायची आणि रजिस्टरात लिहायची. रकाने तुम्हीच पट्टीनं आखून दिले होते, बँकेची सवय. सीन, कपडे, केस, घड्याळ. शेवटचा रकाना जरा रुंद ठेवला होतात आणि त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतंत, फरक. त्यात मी दर वेळी लिहायची, नाही. कॉलरचं बटण उघडं असेल तर लावायला लावायची, मिशी अर्ध्या बोटानं वाढली असेल तर कात्री आणायची, आणि मग लिहायची, नाही. तुम्ही मला इन्स्पेक्टर म्हणायला लागलात ते तेव्हापासून.

एकेचाळीस रविवार मी डोळ्यांत तेल घालून तुमच्याकडे बघितलं, भाऊजी. एवढं माझ्या नवऱ्याकडेही मी कधी बघितलं नव्हतं.

डिसेंबरात तुम्ही चांगलेच बारीक दिसायला लागलात तेव्हा सगळ्यात जास्त कौतुक मी केलं. बाकीच्यांना टोमणे मारले की बघा जरा भाऊजींकडे, या वयात माणूस कसा मनावर घेतो. आता तुमच्यासाठी मुलगी बघायला हरकत नाही, असंही म्हणाले, शैलाच्या देखत. शैला हसली होती. आता आठवते तेव्हा वाटतं, ती हसली नव्हती, नुसते ओठ हलले होते. पण मग म्हणते, हे मी आता जोडते आहे. तेव्हा तिला तरी कुठे काय माहीत होतं? रिपोर्ट जानेवारीत आले.

गल्लीच्या तोंडाशी आपला चहावाला आहे ना, तो एका रविवारी तुमच्या हातात चहाचं मातीचं भांडं देताना थांबला. त्यानं तुमच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "दादा, एतो रोगा होये गेलेन केनो?" इतके वाळलात का, एवढंच. महिनाभर गावी गेलेला माणूस, परत आल्या दिवशी त्याला दिसलं. तुम्ही काही बोलायच्या आत मीच माझ्या तोडक्यामोडक्या बंगालीत त्याला उत्तर दिलं की सिनेमासाठी आहे ते, मुद्दाम केलंय. तो हो हो म्हणाला. तुम्ही चहा संपवलात आणि भांडं नेहमीसारखं फोडायचं विसरून कट्ट्यावरच ठेवून निघालात. ते मात्र मी टिपलं, कारण पुढच्या सीनमध्ये तुमच्या हातात भांडं असायला नको होतं.

जानेवारीच्या शेवटी तुम्हीच सुचवलंत की बाहेरच्या सीनमध्ये सबनीसनं माकडटोपी घालावी. इथला म्हातारा माणूस थंडीत माकडटोपीशिवाय दिसतो का कुठे? अनिरुद्धला कल्पना फारच आवडली. फेब्रुवारीत म्हणालात, घरातल्या सीनसाठी रंग लावून डोकं खाजतं, त्यापेक्षा केसांचा टोपच आणू या. मला तर हायसं वाटलं. तुमच्या रंगाची छटा दर रविवारी वेगळी यायची आणि माझा जीव जायचा. टोप आल्यावर केसांच्या रकान्यात मला काही लिहावंच लागेना. माझं काम सोपं केलंत म्हणून त्या दिवशी मी तुमच्यासाठी पुरणपोळ्या केल्या. तुम्ही अर्धी खाल्लीत आणि उरलेल्या बांधून द्या म्हणालात. औषधांनी तुमचे केस गेले होते आणि तोंडाला चव नव्हती, आणि मी पुरणपोळ्या बांधत होते.

मार्चमध्ये घड्याळ. तुमच्या वडिलांचं किल्लीचं घड्याळ, चामड्याच्या पट्ट्याचं, पहिल्या भागापासून सबनीसच्या हातात. त्या दिवशी तुम्ही हात खाली केलात तर ते घसरून तळहातावर आलं. मागच्या फोटोत ते मनगटाच्या हाडाच्या वर होतं. मी तुमचा हात हातात घेतला, पट्ट्याखाली कापसाची घडी सारली आणि घड्याळ जागेवर बसवलं. तुमचं मनगट माझ्या मुठीत होतं, भाऊजी. मुठीत मावून वर जागा राहिली होती. आणि मी काय बघत होते, तर काटे बरोबर आहेत ना. पुढच्या रविवारपासून घड्याळ आपोआप घट्ट बसायला लागलं. मी लिहिलं, ठीक.

मला आजाराची बातमी कळली ती शेवटच्या नऊ दिवसांत. शैलाचा फोन आला, वहिनी, या. मी हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा तुम्हाला बोलायला त्रास होत होता. माझ्याकडे बघून पहिलं काय विचारलंत, तर रजिस्टर आणलंय का. माझा चेहरा बघून तुम्ही म्हणालात, "राग आलाय ना, इन्स्पेक्टर?" मी म्हणाले, "नंतर बोलू." शहाणपणा केला. रुग्णाशी भांडू नये म्हणून गप्प बसले, उशी नीट केली, शैलाला घरी जेवायला पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही डोळे उघडलेच नाहीत. नंतर आलंच नाही, म्हणून आता हे सगळं लिहिते आहे.

भांडण तसं जुनंच होतं. जूनमध्ये तुमच्याच घरी, शूटिंग आटोपल्यावर, सगळे थालीपीठ खात बसलो होतो. शेवटचा सीन कसा करायचा यावर वाद चालला होता. अनिरुद्धनं लिहिलं होतं की सबनीस शेवटी शेजारणीला आपलं गुपित सांगतो. ती शेजारीण सिनेमात शैलाच, आणि तिला वहिनी म्हणताना तुमची नेहमी गाळण उडायची. तुम्ही म्हणालात, तो सांगणार नाही. मी म्हणाले, सांगायलाच पाहिजे. इतकी वर्षं जी बाई त्याला मीठ-साखर देते, आजारपणात पेज करून देते, तिच्यापासून लपवून ठेवायचं म्हणजे तिचा अपमान आहे. तिला माणूस समजला नाहीत तुम्ही. मी जोरात बोलत होते, मला सवयच आहे.

तुम्ही शांतपणे म्हणालात, "सांगितलं की ती त्याच्याकडे बघायची बंद होईल, वहिनी. मग ती फक्त त्याच्या वयाकडे बघत बसेल."

मी म्हणाले, हे भित्र्या माणसाचं बोलणं आहे. तेव्हा शैला उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, तव्यावरचं जळतंय. वाद तिथेच थांबला, आणि ठरलं की तो सीन दुर्गापूजा झाल्यावर घ्यायचा, त्या दिवशी बघू कोण जिंकतं ते. आज खाली मांडवाचे बांबू उभे राहताहेत. तेवढा एक सीन सोडून बाकी सगळा सिनेमा झालेला आहे.

भित्रा म्हणाले मी तुम्हाला. तुमच्या घरात बसून, तुमच्या बायकोच्या हातचं खात. ह्याची मला किती लाज वाटते ते कसं सांगू? पण त्याच्या जोडीला रागही आहे, तो जात नाही. तुम्ही मला बोलू का दिलंत? एका शब्दानं गप्प करता आलं असतं. माझं कामच तुमच्याकडे बघण्याचं होतं, आणि तुम्ही नेमके माझ्या नजरेपासून लपलात.

तेराव्याला शैलानं मला आतल्या खोलीत नेलं आणि ते घड्याळ माझ्या हातात ठेवलं. पट्ट्याला सहा भोकं मूळची, आणि त्यांच्या पलीकडे चार नवी, ओबडधोबड. ट्राम डेपोजवळच्या चांभाराकडून पाडून आणायचात म्हणे, शनिवारी. मी कापूस सारला त्या दिवसानंतर. मी शैलाला विचारलं, जरा कठोरपणेच विचारलं, की तू तरी मला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, त्यांनी शपथ घातली होती. आणि मग म्हणाली, "ते म्हणायचे, सोमवार ते शनिवार मी पेशंट आहे. रविवार तेवढा माझा राहू दे."

मी घड्याळ तिला परत दिलं आणि बाहेर येऊन त्या योगायोगवाल्या तिघांना थोपवत बसले.

त्याच दिवशी निघताना अनिरुद्धनं मला गाठलं. काकू, शनिवारी माझ्याकडे ये, तुम्हाला काहीतरी दाखवायचं आहे. त्याच्या न्यू टाउनच्या घरी गेले. खिडकीतून नुसत्या काचेच्या इमारती दिसतात, तुम्ही म्हणायचात तसं, सबनीस इथे राहिला असता तर कुणालाच त्याच्याकडे बघायला वेळ नव्हता. अनिरुद्धनं कॉम्प्युटर लावला. माझे फोटो होते, रजिस्टरचे, एकेचाळीस. त्यानं ते एकापाठोपाठ लावले होते, प्रत्येकात तुम्ही सरळ कॅमेऱ्याकडे बघताय, तेच बटण, तीच मिशी, घड्याळ हाडाच्या वर. फक्त चेहरा आत आत जातोय. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचंही नव्हतं. मी त्याला बंद करायला सांगितलं.

अनिरुद्ध रडत होता आणि त्याचा उत्साहही मावत नव्हता. त्याचं म्हणणं असं की शेवटचा सीन आता लागतच नाही. सबनीस म्हातारपणाचं सोंग करत होता, आणि शेवटी लोकांना दिसतं की सोंग खरं झालं, त्यालाही मरण आलं. कुणी कुणाला काही सांगायची गरज नाही. त्यानं शैलाला विचारलं होतं, ती म्हणाली, फोटो वहिनींचे आहेत, त्या म्हणतील तसं.

भाऊजी, तो खरं बोलत होता. याहून चांगला शेवट त्या सिनेमाला मिळणार नाही. नवखा माणूसही खुर्चीत हादरून जाईल. आणि मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, दोन दिवस मला ते फोटो द्यावेसे वाटत होते. सिनेमासाठी नाही. मला तुम्हाला हरवायचं होतं. तुम्ही म्हणालात ना, सांगणार नाही? आता बघा, सगळ्या हॉलला सांगते. आठ महिने तुम्ही टोपीखाली, टोपाखाली, चांभाराच्या भोकांमागे जे लपवलंत ते पडद्यावर दहा फूट उंच करून दाखवते. रविवारी रात्री ताट वाढून घेतलं आणि पहिल्याच घासाला माझं मलाच हे ऐकू आलं, तेव्हा ताट तसंच झाकून ठेवलं.

पण नाही म्हणायचं तर सिनेमाला शेवट नाही. अनिरुद्धची दोन वर्षं, सगळ्यांचे रविवार, आणि तुम्ही ज्याच्यासाठी उपाशीपोटी उभे राहिलात ते काम असंच अर्धवट पडून राहणार. हेही मला नको होतं. तुम्हालाही चाललं नसतं, एवढं मी ओळखते.

मला एक गोष्ट खात होती. एस्प्लनेडचा दिवस. सबनीस फुटपाथवर चष्मा विकत घेतो तो सीन, फेब्रुवारीतला. तुम्ही माकडटोपीत, गळ्यात मफलर, अनिरुद्धनं कॉलरला माइक लावून दिलेला. लोक ढकलत होते, फेरीवाला आपल्या गिऱ्हाइकांवर ओरडत होता. मी फोटो काढला, मागच्या फोटोशी ताडत होते. तेव्हा तुम्ही मला काहीतरी विचारलं होतंत. मला वाटायचं, मला नीट आठवतंय. पण हल्ली तुमच्याबद्दलच्या माझ्या आठवणींवर माझा विश्वास नाही, मी मागाहून फार जोडते. म्हणून सोमवारी पुन्हा न्यू टाउनला गेले आणि अनिरुद्धला म्हटलं, त्या दिवसाचा नुसता आवाज लाव, तू ॲक्शन म्हणायच्या आधीचा. तो म्हणाला, ते तर टाकाऊ आहे काकू. मी म्हटलं, टाकाऊच लाव.

आधी नुसती गर्दी. बसचा हॉर्न. मफलर माइकला घासल्याचा आवाज. मग तुम्ही.

"वहिनी, काही फरक दिसतो का?"

आणि मी, घाईत, खणखणीत: "काही नाही, भाऊजी. तंतोतंत."

पुन्हा बसचा हॉर्न. मग तुम्ही म्हणालात, "मग झालं."

तुम्ही मला विचारलं होतंत. लपलात म्हणून मी तुमच्यावर इतके दिवस दात खात होते, आणि तुम्ही भर बाजारात उभं राहून मला विचारलं होतंत. मी मफलरची गाठ बघत होते. तुम्हाला कुठलं उत्तर हवं होतं ते मला आता कधीच कळणार नाही. मी म्हणायला हवं होतं का, की भाऊजी, तुम्हाला काय होतंय? म्हटलं असतं तर तुमचे रविवार गेले असते. नाही म्हटलं तर मी एकेचाळीस वेळा आंधळी ठरले. यातून माझी सुटका नाही, आणि तुम्ही उगाच वरून समजूत घालू नका.

मी अनिरुद्धला सांगितलं, फोटो मिळणार नाहीत. हा आवाज घे. शेवटी सबनीस चष्मा घालून गर्दीत शिरतो ते दाखव, आणि त्यावर हे. त्याचा प्रश्न, माझं उत्तर, आणि त्याचं ते 'मग झालं'. लोकांना वाटेल, शेजारीण म्हणते आहे की तुम्ही जराही बदलला नाहीत. म्हणजे हा अजून तसाच आहे, तिला कळलंय, आणि तरी ती गप्प आहे. तुमचं गुपित हॉलमधल्या एकाही माणसाला कळणार नाही. आम्हा तिघांना तेवढं ऐकू येईल की एक बाई माणसाच्या तोंडावर खोटं बोलते आहे आणि तिला ते माहीत नाही.

मग त्याला शंका आली. शेजारीण शैला काकू आहे, हा आवाज तर तुझा आहे, लोकांच्या लक्षात येईल, कंटिन्युइटी जाईल. इतक्या महिन्यांत मीच त्याला शिकवलेलं. मी म्हटलं, जाऊ दे.

काल संध्याकाळी शैलाला ते ऐकवलं, मोबाइलवर. तिनं दोनदा लावायला लावलं. मग तिनं मला सांगितलं की त्या दिवशी तुम्ही एस्प्लनेडहून घरी आलात ते दारातूनच ओरडत आलात, इन्स्पेक्टरनं पास केलं. खूप दिवसांनी दोन पोळ्या खाल्ल्यात आणि टोपी घालूनच झोपलात. ती सांगताना हसत होती, आणि या वेळी खरंच हसत होती. मला ते ऐकून फार बरं वाटलं आणि तितकंच वाईट वाटलं. दोन्ही तसंच आहे, एकानं दुसरं कमी होत नाही.

वाद तुम्ही जिंकलात, भाऊजी. सबनीस कुणाला काही सांगत नाही. अनिरुद्धकडचेही सगळे फोटो घेऊन मी ट्रंकेत ठेवले, किल्ली शैलाकडे दिली.

घरी आल्यावर रजिस्टर उघडलं. शेवटच्या सीनची ओळ तुम्ही आधीच आखून ठेवलेली होती. सीन लिहिला, शेवटचा. कपडे, मफलर आणि माकडटोपी. केस, दिसत नाहीत. घड्याळ, बाहीच्या आत. मग तुमच्या त्या रुंद रकान्यापाशी आले. वरपासून खालपर्यंत माझ्या अक्षरात एकेचाळीस वेळा नाही लिहिलेलं. एकही खोडलं नाही. त्यांच्या खाली लिहिलं, आहे.